चौथ्या पायरीवरून

शेफील्डमध्ये, वॉकलीच्या चढावर,
रात्री पावणेबाराला चूक सापडली.
एक साधा रिटर्न. अर्धविरामासकट नऊ अक्षरं.

कुणा कीथ बॅगशॉने तेरा वर्षांपूर्वी लिहिलेला ड्रायव्हर.
हात नेटका. जागा सोडलेल्या मोजूनमापून.
आधी मेमरी मागतो,
मग वीज सोडतो,
मग क्लॉक चालू करतो,
आणि चौथ्या पायरीवर पलीकडच्या सेन्सरला हाक मारतो.

सेन्सरने ओ दिली तर प्रश्नच नाही.
नाही दिली, तर कीथ तडक घराबाहेर.
दिवे चालू, गॅस चालू,
शेजारची वाटी ओट्यावर तशीच.

हे सगळं चालतं डोंगरापलीकडच्या एका पंपघरात.
ओल धरून केबल सैल होते, हाक वाया जाते,
यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं,
पुन्हा थोडी मेमरी उसनी,
क्लॉकच्या मोजणीत एकाचे दोन, दोनाचे तीन,
आणि कुणाकडेच नसलेलं हे देणं
चारशे अकरा दिवस वाढत आलेलं.

बंद करून चालू केलं की सगळं सुटतं,
मी फोनवर म्हटलं.
पंपघरातला बॅरी हसला.
बंद तू करणार का? म्हणाला,
खाली अख्खं गाव पाणी पितंय.

नियम तसा शाळकरी आहे.
शेवटी घेतलं ते आधी सोडायचं.
कोट काढल्याशिवाय स्वेटर निघत नाही.
जिथे अडलास तिथून एकेक पायरी उलटा उतर,
आणि न चढलेली पायरी
उतरायला जाऊ नकोस,
त्यानेही माणूस तोंडावर पडतो.

आमचे दातार गुरुजी अक्षता टाकून
मूर्ती जागची बोटभर हलवायचे.
बोलावलंत ना, मग निरोपही द्या.
पण पूजा मध्येच मोडली तर,
देव अर्धाच आलेला असेल तर,
त्याची उत्तरपूजा कशी करायची,
हे विचारायचं राहूनच गेलं.

शर्वाणीला ते कुणी न शिकवता येत होतं.
पलीकडच्या खोलीत आठ महिने राहिली.
व्हिसा, खोली, बँकेतलं खातं, सायकल,
या क्रमाने तिने हे शहर घेतलं,
आणि मग प्रयोगशाळेचे पैसेच आटले.
आधी सायकल विकली. मग खातं मिटवलं.
मग गाद्या उलट्या करून खोली झाडली,
भिंतीतला खिळासुद्धा काढून
भोक टूथपेस्टने बुजवलं.
फेब्रुवारीत किल्ली माझ्या हातात दिली
तेव्हा तिचा हात कोरडा होता.
मला वाटलं होतं, रडेल.
मी तेव्हा काहीतरी बोलायला हवं होतं.
मी म्हटलं, टॅक्सी आली.

तर, पॅच.
रिटर्नच्या जागी एक गोटू,
खाली तीन लेबलं, क्लॉक, वीज, मेमरी, उलट्या क्रमाने.
कारण लिहिताना कीथचं नाव घेतलं नाही.
चालणाऱ्या वाटेवर त्याचं सगळं बरोबरच होतं,
आणि न चालणारी वाट
टेबलावर बसून कुणाला दिसते?

मग टेबलावरच्या बोर्डाची केबल
मुद्दाम ओढली. लावली. ओढली.
हजार वेळा, म्हणजे पहिले चाळीस हाताने,
पुढचं एका स्क्रिप्टवर सोपवून.
आकडा जागचा हलला नाही.

तीन वाजता खाली दाराशी गेलो.
पायपुसण्यावर दुपारपासून पडलेलं
शर्वाणीच्या नावाचं पाकीट,
दंतवैद्याकडून, सहामाही तपासणीची आठवण.
हे तिसरं.
आधीची दोन माझ्या खणात आहेत,
का ठेवली ते मला सांगता येणार नाही.

पेन शोधलं. लिहिलं:
इथे राहत नाही, पाठवणाऱ्यास परत.
तिन्हींवर.
मग एकावरचं खोडलं.